सांवेरजवळची दोन बटाट्याची शेते: मित्रकिड्यांवर कुठे विसंबावे आणि कुठे नाही

प्रकरण

इंदूरहून उज्जैनला जाताना सांवेर लागते. त्याच्या थोडे अलीकडे काळ्या मातीची दोन शेते एका मराठी कुटुंबाची आहेत. कुटुंब राहते इंदुरात, लोकमान्यनगरात. शेती गावातला बटाईदार (उत्पन्नाच्या वाट्यावर शेत कसणारा) पाहतो, आणि घरातले काका आठवड्यातून एकदोनदा तिथे जाऊन येतात. पावसाळ्यात सोयाबीन आणि ते निघाले की बटाटा, ही माळव्यातली नेहमीची रीत त्यांचीही आहे.

मोठ्या शेतातला बटाटा चिप्ससाठी जातो. माळव्याच्या बटाट्याला त्यासाठीच मागणी असते, कारण त्यात साखर कमी आणि शुष्क भाग जास्त असतो, त्यामुळे तळल्यावर काप काळपटत नाहीत. विहिरीलगतच्या लहान शेतात मात्र काका पुढच्या वर्षाचे बेणे धरतात. पंजाबातून येणारे प्रमाणित बेणे दरवर्षी घ्यायचे म्हटले की खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. म्हणून एकदा चांगले बेणे आणायचे आणि त्यावर काही वर्षे काढायची, असा त्यांचा हिशेब आहे.

सोयाबीनची कापणी सुरू असताना काकांनी मला विचारले, "अगं, हे ढालकिडे आणि क्रायसोपा विकत मिळतात म्हणे. दोन्ही शेतांत सोडले तर फवारणी थांबवता येईल का?"

ढालकिडा म्हणजे ठिपक्यांचा गोल भुंगेरा आणि क्रायसोपा म्हणजे जाळीदार पंखांचा हिरवट कीटक, दोघेही पिकावरच्या किडी खाणारे मित्रकिडे. हौसेपोटी विचारलेला प्रश्न नव्हता हा. काकांच्या वहीत गेल्या काही हंगामांच्या फवारण्या लिहिलेल्या होत्या आणि त्या वाढतच चालल्या होत्या. डिसेंबरात मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की फवारायचे. आठ-दहा दिवस पाने स्वच्छ दिसायची, मग मावा परत यायचा आणि आधीपेक्षा जास्त यायचा. दुकानदार दोन औषधे एकत्र करून द्यायचा. बटाईदाराचे म्हणणे साधे होते, "भिया, दवाई में ही दम नहीं रहा."

त्याचे निरीक्षण बरोबर होते, पण निम्मेच. बटाट्यावरचा हिरवा मावा, शास्त्रीय नाव मायझस पर्सिकी, हा कीटकनाशकांना पचवण्यात जगात अग्रेसर आहे. निरनिराळ्या ठिकाणी मिळून 70 हून अधिक रसायनांना तो दाद देईनासा झालेला आहे. शिवाय आपल्या हवेत त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लेच घालतात, आणि हवा मानवली तर ती पिल्ले आठवडा-दीड आठवड्यात स्वतः पिल्ले घालू लागतात. फवारणीतून वाचलेले थोडेसे मावेही पुरेसे होतात. उरलेले निम्मे कारण असे की त्याच फवारणीत माव्याला खाणारेही मरतात, आणि त्यांची पिढी उभी राहायला कितीतरी जास्त दिवस लागतात. औषधाचा दम गेला होता तसाच शेतातला पहाराही गेला होता.

एका प्रश्नाचे दोन प्रश्न

काकांना मी पहिल्यांदा एवढेच सांगितले की मोठ्या शेतासाठी "हो" आणि लहान शेतासाठी "नाही". हे त्यांना पटेना. पीक तेच, कीड तीच आणि बांधही लागून, मग उत्तर वेगळे का? या प्रकरणाचा सगळा पेच इथेच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते.

बटाट्याला मावा दोन प्रकारे नडतो. तो रस शोषतो, पानांवर चिकटा सांडतो आणि त्यावर काजळी धरते. हे नुकसान संख्येवर अवलंबून असते. पानामागे पाच-दहा मावे असले तर जोमदार झाड ते सोसते, शेकडो झाले तर झाड खचते. अशा नुकसानीत परभक्षी कीटक खरोखर उपयोगी पडतात, कारण संख्या खाली ठेवणे हेच त्यांचे काम आहे.

दुसरे नुकसान विषाणूंचे. पाने गुंडाळणाऱ्या रोगाचा विषाणू माव्याच्या पोटात जातो, तिथे मुरतो आणि मग तो मावा जन्मभर वाहक राहतो. हा विषाणू उचलायला आणि पुढे द्यायला माव्याला तासन्‌तास बसावे लागते. वाय (Y) नावाच्या दुसऱ्या विषाणूची गोष्ट त्याहून अवघड. तो माव्याच्या सोंडेच्या टोकाशी चिकटतो. पंख असलेला मावा रोगट पानावर काही सेकंद सोंड टोचून पाहतो, उडतो, निरोगी झाडावर बसून पुन्हा टोचतो, आणि रोग पोचलेला असतो. त्यानंतर ढालकिड्याने त्या माव्याला खाल्ले काय नि न खाल्ले काय. फवारणीचीही तीच गत होते, विष भिनेपर्यंत सोंड टोचून झालेली असते.

यात आणखी एक गुंता आहे. ढालकिड्याने मावा पकडला की मावा पाठीवरच्या नळ्यांतून एक गंधद्रव्य सोडतो. तो इशारा असतो. आजूबाजूचे मावे सोंड उपसून चालू लागतात, काही खाली पडतात आणि शेजारच्या झाडावर चढतात. चिप्सच्या शेतात या पळापळीने काही बिघडत नाही. बेण्याच्या शेतात मात्र एखादा रोगट ठोंब राहून गेला असेल तर हीच पळापळ रोग पसरवू शकते.

चिप्सच्या बटाट्याला यंदा उशिरा विषाणू लागला तर यंदाचे उत्पन्न फारसे घटत नाही. झाड मोठे झालेले असते, बटाटे धरलेले असतात आणि सगळा माल कारखान्यात जातो. बेण्यात तोच विषाणू बटाट्याच्या आत लपून शीतगृहात जातो आणि पुढच्या वर्षी प्रत्येक डोळ्यातून रोगट झाड उगवते. म्हणून बियाण्याच्या बटाट्यात 100 संयुक्त पानांवर (एका देठावर अनेक पानुल्या असलेले ते एक पान) 20 मावे ही मर्यादा धरतात. खाणारे किडे कितीही असोत, माव्याची संख्या इतकी खाली रोखून धरणे त्यांना जमत नाही. भक्ष्य भरपूर झाल्यावरच ते येतात आणि टिकतात.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बेण्याच्या शेताचं राखण आपणच करायचं."

मांडणी

लागवडीच्या वेळीच दोन्ही शेतांची आखणी वेगळी केली. मोठ्या शेताच्या कडेने आणि मधल्या पाटाच्या काठाने धणे आणि बडीशेप पेरली. सिरफिड माशीच्या मादीला अंडी घालण्याआधी परागकण लागतात आणि क्रायसोपाचे प्रौढ मध आणि परागावरच जगतात. मावा खातात त्या दोघांच्या अळ्या. नुसते बटाट्याचे शेत म्हणजे या माश्यांना जेवणाशिवाय घर. मोहरी लावावी का, यावर चर्चा झाली. मोहरीवरचा मावा बटाट्यावर वस्ती करत नाही आणि ढालकिड्यांना लवकर अन्न मिळते, हा फायदा खरा. पण बटाट्याचा हिरवा मावाही मोहरीवर राहू शकतो. म्हणून मोहरी मोठ्या शेताच्या पलीकडच्या टोकालाच लावली, बेण्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी.

युरियाचा हप्ताही आवरता घेतला. नत्र जास्त झाले की पाने लुसलुशीत होतात, रसात अमिनो आम्ले वाढतात आणि मावा जोमाने वाढतो. हे सांगताना मला आपल्या इंदूरच्या जुन्या वनस्पती उद्योग संस्थेची आठवण होते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात तिथे काम केले. कंपोस्टाची इंदूर पद्धत त्यांनी यशवंत वाड यांच्या साथीने जगापुढे ठेवली. कीड म्हणजे पिकाच्या पोषणात काहीतरी चुकते आहे याची खूण, असे हॉवर्ड यांचे ठाम मत होते. प्रत्येक किडीला ते लागू होत नाही, पण माव्याच्या बाबतीत त्यात बरेच तथ्य आहे. ज्या शहरात हे काम झाले, तिथल्या शेतांना त्याची ओळख असायला हवी असे मला मनापासून वाटते.

लहान शेतात लागवड शक्य तितकी लवकर उरकली आणि दर आठवड्याला पाने मोजायचे ठरवले. एका झाडाचे वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने घ्यायची, आणि शेतभर फिरत शंभर पुरी करायची. खालचे पान चुकवायचे नाही, कारण हा मावा बटाट्यावर जुन्या, खालच्या पानांमागे जास्त असतो. वरून पाहणाऱ्याला शेत स्वच्छ दिसते ते यामुळेच.

थंडी, आणि "हड्डा"

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गारठा वाढला आणि मोठ्या शेतात मावा चढू लागला. हा काळ सगळ्यात कठीण असतो. मावा चार-पाच अंश तापमानातही हळूहळू वाढत राहतो, ढालकिड्याच्या वाढीला मात्र दहा-बारा अंशांच्या वर ऊब लागते. माळव्यात रात्री पारा दहाच्या खाली गेला की माव्याला पुढे धावायला मोकळे रान मिळते. फवारा पाठीवर घ्यावा असे वाटण्याची वेळही हीच. बटाईदाराने फोन केला तो याच दिवसांत, पण माव्याबद्दल नाही. पानांवर काळ्या, काटेरी, लांबट अळ्या आल्या होत्या. त्या पाने खाणार, हड्डा आहे, आज फवारतो, असे तो म्हणाला.

काकांनी त्याला थांबवले आणि आम्ही गेलो. हड्डा नव्हताच तो. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. करड्या-काळ्या, अंगावर नारिंगी डाग, पाय लांब आणि चाल झपझप. एक अळी माव्यांच्या थव्यात शिरून एकेकाला उचलत होती.

बटाईदाराचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण हड्डा हा याच कुळातला. त्याला एपिलॅकना भुंगेरा म्हणतात. बटाटा आणि वांग्याची पाने तो खरवडून जाळी करून टाकतो. बटाट्याचे शेत राखणाऱ्याला या दोघांतला फरक डोळे मिटूनही सांगता आला पाहिजे. एपिलॅकनाचा प्रौढ मळकट तांबूस, अंगावर बारीक लव असल्याने निस्तेज, पाठीवर बहुधा 28 ठिपके. सात ठिपक्यांचा ढालकिडा लालभडक आणि चकचकीत. अळ्यांत फरक याहून ठळक आहे. एपिलॅकनाची अळी पिवळी, सुस्त, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि ती जिथे बसते तिथे पानाच्या शिराच उरतात. ढालकिड्याची अळी गडद रंगाची, चपळ, आणि तिच्याखालचे पान शाबूत असते. शंका आली तर किडा बाजूला ठेवून पान पाहावे.

बटाईदाराने दोन पाने शेजारी धरून पाहिली. मग त्याने स्वतःच विचारले, की गेल्या वर्षी याच अळ्या दिसल्यावर आपण शेत धुऊन काढले होते का? वहीत नोंद होतीच. जानेवारीतली ती फवारणी माव्यासाठी झालेलीच नव्हती.

त्या दिवशी आणखीही बरेच सापडले. पानामागे केसाएवढ्या देठांवर टांगलेली क्रायसोपाची अंडी होती. सिरफिडच्या बिनपायी, हिरवट-पारदर्शक अळ्या होत्या, आणि त्यांची विष्ठा काळ्या डांबरासारखी पानावर डाग ठेवते, त्यावरून त्या आधी कळतात. काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झाले होते. त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत होती. हे सगळे कोणीही विकत आणून सोडलेले नव्हते.

विकतची अंडी

तरीही काकांच्या इच्छेखातर क्रायसोपाच्या अंड्यांची कार्डे मागवली होती आणि मोठ्या शेताच्या एका भागात ती लावली. प्रयोगशाळेत ही अंडी तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर पोसलेल्या किड्यांपासून मिळवतात. विविध पिकांच्या शिफारशींत हेक्टरी किती अंडी सोडावीत याचे आकडे सांगतात. पण आकड्यापेक्षा वाहतूक महत्त्वाची ठरते. क्रायसोपाच्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे वाटेत अंडी फुटली तर कार्ड पोचेपर्यंत त्यातल्या थोड्याच उरतात. आमच्या कार्डांत हे काही अंशी झालेच होते. उरलेली कार्डे संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, खालच्या पानांच्या सावलीत अडकवली. काही ठिकाणी मुंग्यांनी अंडी पळवली. चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, हा अनुभव नवा नाही. वारूळ जवळ असेल तिथे कार्ड लावण्यात अर्थ नसतो.

कार्डे लावलेला भाग आणि न लावलेला भाग यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही. माझे मत यावरून पक्के झाले. खुल्या शेतात, जिथे आजूबाजूला गहू, हरभरा आणि मोहरी आहे, तिथे विकतच्या किड्यांवर पैसे घालण्याआधी आपोआप येणाऱ्यांना मारणे थांबवावे. हरितगृहात किंवा शेडनेटमध्ये हिशेब निराळा असतो, तिथे सोडलेला किडा उडून जात नाही.

मोठ्या शेतात पाटाच्या तोंडाशी, जिथे पाणी आणि खत दोन्ही साचत होते, मावा फारच वाढला होता आणि खाणारे कमी होते. तेवढ्याच जागेवर 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या मागून बसेल असा फवारला. करप्यासाठीचे बुरशीनाशक गरजेपुरतेच वापरले, कारण दमट हवेत माव्याला मारणारी एक बुरशी असते आणि बुरशीनाशक तिलाही रोखते. मकरसंक्रांतीनंतर ऊन तापू लागले तसे ढालकिड्यांनी वेग घेतला आणि महिनाअखेर मावा उतरला. मोठ्या शेतात त्या हंगामात सरसकट विषारी फवारणी झाली नाही, आणि माल कारखान्याच्या तपासणीत अडला नाही.

हिरवा पाला कापायचा दिवस

लहान शेतात रोगट ठोंब दिसला की बटाट्यासकट उपटून बाहेर नेत होतो. माव्याची मोजणी सुरुवातीला नगण्य होती. जानेवारीच्या सुरुवातीला ती विसाच्या जवळ सरकली. ठरल्याप्रमाणे पाणी आधीच तोडलेले होते, आता पाला कापायचा होता. 1960 च्या दशकात मैदानी भागासाठी बसवलेल्या बेणे-तंत्राचा गाभाच हा आहे. माव्याची गर्दी होण्याआधी पाला काढायचा म्हणजे विषाणूला पानातून बटाट्यात उतरायला वाटच उरत नाही. मग साधारण दोन आठवडे बटाटे जमिनीतच राहू द्यायचे, साल पक्की झाली की काढायचे.

काका बांधावर उभे होते. पाला गर्द हिरवा, खाली बटाटे अजून फुगत होते. "इथेही ढालकिडे आलेत," ते म्हणाले. "आठ दिवस थांबू. खातील की ते."

"खातील काका, पण आपण बेणे राखतोय. ते मावा खातील तोवर त्याने टोचून झालेलं असेल."

पाला कापला गेला, पण त्या दिवशी खरा अडथळा कीटकशास्त्राचा नव्हता. बटाईदार विळा घेऊन उभा होता आणि कापत नव्हता. विचारल्यावर त्याने जे सांगितले त्याचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता. बटाई अर्ध्यावर आहे. पाला लवकर कापला की बटाटे लहान राहतात, वजन घटते, आणि त्या घटीतला निम्मा वाटा त्याच्या पदरी येतो. चांगल्या बेण्याचा फायदा पुढच्या वर्षी होणार, आणि पुढच्या वर्षी शेत त्याच्याकडेच असेल याची हमी कुठे आहे? मोठ्या शेतात औषधाचा खर्च वाचला त्यात त्याचाही निम्मा होता, म्हणून तिथे तो खुशीने साथ देत होता.

त्याचे म्हणणे पूर्ण न्याय्य होते. मित्रकिड्यांवरच्या शिबिरांत ठिपके मोजायला शिकवतात, वाटणीबद्दल कोणी बोलत नाही. पण फवारा कोणाच्या हातात आहे आणि नुकसान कोणाच्या वाट्याला येते, यावरच ढालकिडा जगणार की मरणार हे ठरते. काकांनी तिथेच मान्य केले की लहान शेताची घट ते एकटे सोसतील, आणि बटाईदाराला शेजारच्या पूर्ण वाढलेल्या पिकाच्या वजनाने वाटा मिळेल.

पुढचा हंगाम

बेणे शीतगृहात आहे. ते कितपत निरोगी राहिले हे पुढच्या पिकात पाने गुंडाळलेली किती झाडे निघतात त्यावरून कळेल. ती जास्त निघाली तर नवे प्रमाणित बेणे आणायचे, आणि क्रायसोपाच्या कार्डांचा खर्च त्यातच वळवायचा.

नव्या करारात काकांनी तीन गोष्टी लिहून घेतल्या आहेत. बेण्याचे शेत बटाईत नाही, तिथे बटाईदाराला ठरलेली मजुरी. मोठ्या शेतात दोघांपैकी कोणीही एकट्याच्या मनाने फवारायचे नाही, आधी शंभर पाने दोघांनी मिळून पाहायची. आणि उत्तरेच्या बांधाला मक्याच्या दाट ओळी, कारण पलीकडे लसूण आहे, त्यावर फुलकिड्यांसाठी फवारे चालतात आणि वारा असला की ते औषध इकडे येते. लसूणवाल्या शेजाऱ्याने फवारणीच्या आदल्या दिवशी कळवायचे कबूल केले आहे. त्याच्या शेतातही ढालकिड्याच्या अळ्या शोधून दाखवा, असे त्याने बटाईदारालाच सांगितले आहे, मला नव्हे.